झाकणाखालचा हिरवा

आत्याला कुणी म्हटलं, ‘आज छान दिसताय,’ की ती आधी जीपकडे बघायची आणि मग मान डोलवायची. कौतुक गाडीचंच चाललंय, याबद्दल तिला कधी शंका आली नाही. सोनाळ्यात सगळे तिला जीपवाली आत्याच म्हणत. यजमान गेल्यावर लोकांनी गाडी विकायचा सल्ला दिला, तर ही चालवायला शिकली. गल्लीतल्या बायकांची वांगी, मिरची भरून बाजाराला निघाली की समोरच्या बसलाही लवकर वाट देत नसे.

पुढे जीप म्हातारी झाली. पत्र्याला गंज, रंगाचे पोपडे, आणि नेमकी नव्याने नोंदणी करायची वेळ आली. पुण्याहून मुलाने फोनवर बजावलं, ‘तपासणीत अडली तर भंगारात घालायची.’ आत्या ‘हाव’ म्हणाली. तिने कुणाचं इतकं पटकन ऐकलेलं मी पाहिलं नव्हतं. फोन ठेवल्यावर म्हणाली, ‘अडू कोन देते तिले? आपूनच रंगवू.’

शेगावच्या दुकानदाराने दारावरून नमुना जुळवला. रंग निघाला फिका पोपटी. आत्या भडकली, ‘हे काय दाखवून राह्यले भाऊ? उन्हानं खाल्लेला रंग मले नोको!’ तिने डिझेलच्या टाकीचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला ऊन कधी पोचलंच नव्हतं. तिथे गर्द हिरवा तसाच होता. ‘असी होती, यायनं घरी आनली तवा,’ ती म्हणाली.

पंक्चरवाले रफिकभाई कंप्रेसर आणि स्प्रे गन घेऊन आले. ‘आपा, कंप्रेसरच्या टाकीतलं पानी पहिले काढा, नाई तं रंगाले फोड येतीन.’ दुसऱ्या दिवशी आत्याने हे ज्ञान मला स्वतःचंच म्हणून ऐकवलं. धूळ बसू नये म्हणून जीप गोठ्यात घेऊन भोवती ओल्या साड्या लावल्या आणि तोंडाला मास्क बांधून ती स्वतःच गन घेऊन उभी राहिली. गन फार जवळ धरल्यामुळे पहिल्याच दारावर रंग ओघळला. रफिकभाई म्हणाले, ‘चालते आपा, कोन पाहते?’

‘म्या पाह्यलं ना आता!’

दार वाळू दिलं, ओल्या पॉलिशपेपरने सगळं घासलं आणि पुन्हा रंगवलं. फक्त झाकणाच्या आतून तिने कुणाला रंग लावू दिला नाही. मी विचारलं, ‘हे काऊन ठेवलं?’

‘पुढच्याले कसं समजन, पोरी?’

तपासणीत जीप पास झाली. आत्याने तिथूनच मुलाला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, ‘पास झाली रे तुही माय!’

गेल्या वर्षी आत्या गेली. जीप आता मी चालवते. बायकांची वांगी अजून तिच्यातूनच बाजाराला जातात. ऊन आपलं काम करतंच. बॉनेट पुन्हा फिकं पडलं, म्हणून परवा शेगावला गेले. दुकानात आता त्या दुकानदाराचा मुलगा बसतो. तो दाराशी नमुना लावायला लागला, तशी मी त्याला थांबवलं आणि झाकण उघडलं. जुना हिरवा आत तसाच होता. आत्याचा रंग आतल्या कडेला त्याला जिथे भिडला होता, ती रेघ मला बोटाने चाचपूनच शोधावी लागली. डोळ्यांना फरक दिसत नव्हता.

पोरगा वाकून बघत राहिला. ‘ताई, हे काम कोन्या गॅरेजातलं?’

‘आमच्या गोठ्यातलं,’ मी म्हणाले, आणि जीपकडे बघून मान डोलावली.