बटणची चिंधी आणि आमचा 'सुका' कचरा

मंडळी, आज मारुंजीतल्या आमच्या सुशिक्षित सोसायटीची मला मनापासून किळस आली.

शेजारणीची बदली झाली म्हणून काल तिने तिचा पाळलेला पांढरा उंदीर, बटण, आम्हाला दिला. पिंजरा फिनेलने घासून चकचकीत! बिचारा आल्यापासून कोपऱ्यात थरथरत होता, दाण्याला तोंड लावेना.

सकाळी तिला फोन केला. "तो ज्यात झोपायचा ती चिंधी कुठंय?"

"ई, काका! किती वास यायचा! टाकली सुक्या कचऱ्यात."

अहो, त्या वासालाच तो घर समजत होता ना!

मग बावन्नाव्या वर्षी मी कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. सुका म्हणे! वापरलेली डायपर, बुरशी आलेली बिर्याणी, दाढीचे केस. चिंधी काही सापडेना.

मागून झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "काय हुडकताय सायेब?"

"उंदराची चिंधी."

"व्हय का! आमी रोज ह्यातच हात घालतो, तवा कुणी इचारलं न्हाई."

मावशींनी उघड्या हातांनी दोन मिनिटांत चिंधी काढून दिली.

ती पिंजऱ्यात ठेवताच बटण आत घुसला. तासाभराने बाहेर येऊन त्याने बाजरी खाल्ली.

मावशींना हातमोजे द्या, असा मेसेज मी ग्रुपवर टाकलाय. सेक्रेटरींचं तत्पर उत्तर आलं : "उंदीर पाळायची परवानगी घेतली आहे का?"

तुमच्याकडे डायपर कुठल्या डब्यात जातं हो? आणि ते बाहेर कोण काढतं?