सायलेन्सचं कार्ड

शब्दकोशाच्या कचेरीत तिला सगळे कार्डबाई म्हणत. एकोणतीस वर्षं तिचं काम एकच: एका इंग्रजी शब्दाला एक कार्ड. त्यावर शब्दाचे अर्थ, त्याचं मूळ आणि खाली मराठी प्रतिशब्द. बोलायला ती कमी नव्हती. सकाळच्या चहाच्या आधी तिचा एखादा टोमणा यायचा. फक्त धाकट्या बहिणीचं नाव निघालं की ती विषय बदलायची.

धाकटी कार्डबाईच्याच इमारतीत, तिच्या घराच्या एक मजला वर राहायची. नऊ वर्षं दोघींचा अबोला होता. वडील दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होते तेव्हा धाकटी परगावी होती. वडील म्हणाले, "घरी ने," आणि कार्डबाईने कुणालाही न विचारता त्यांना घरी आणलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. धाकटी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"एक फोन करायचा होतास," ती म्हणाली.

"फोन करत बसायची वेळ होती का ती?"

ते शेवटचं बोलणं. त्यानंतर जिन्यात गाठ पडलीच तर एक भिंतीला टेकून वाट द्यायची, दुसरी खाली बघून निघून जायची.

त्या मंगळवारी कार्डबाईसमोर 'सायलेन्स' होता. सोपा वाटलेला शब्द सकाळपासून जागचा हलत नव्हता. लॅटिनमध्ये गप्प असण्याला दोन क्रियापदं. एक माणसाचं: बोलता येतं, पण बोलत नाही. दुसरं, मुळात आवाजच नसण्याचं. सायलेन्स या दुसऱ्यातून, फ्रेंचमार्गे आलेला. त्याच्याही मागचं मूळ कुणाला नक्की ठाऊक नाही. आता कुणीच बोलत नाही अशा एका जुन्या भाषेत त्याच्यासारखं एक क्रियापद सापडतं, ते वारा थांबण्यासाठी.

"आपल्याकडे आयतंच आहे की. वारा पडला," ती संपादकांना म्हणाली.

"घ्या. पण आधी 'कदाचित' लिहा."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. धाकटीचा नवरा होता. "ताई, ही गेली. आंघोळ करून आली, खुर्चीत बसली आणि मान टाकली. डॉक्टर येऊन गेले."

"बरं," कार्डबाई म्हणाली. "निघते."

पण ती लगेच निघाली नाही. तिने 'कदाचित' लिहिलं, शाई वाळू दिली, कार्ड खोक्यात लावलं. संपादकांना वाटलं, हिच्याकडे पाहुणे आले असतील.

वरच्या घरात तिने नऊ वर्षांनी पाऊल टाकलं. पडदे बदलले होते. धाकटीचे केस अजून ओलसर होते.

"रडून घ्या हो, मोकळं वाटेल," शेजारीण म्हणाली. कार्डबाईने प्रयत्न केला. डोळे कोरडे ठणठणीत. हात मात्र अंगाखाली दबल्यासारखे बधिर झाले होते.

मेव्हणे शेजारी येऊन बसले. "तुमच्या संपादकांशी माझी ओळख आहे. दर महिन्याला ही मला विचारून यायला लावायची, ताईचं कुठलं अक्षर चाललंय म्हणून. मागच्या वेळी आर होतं."

कार्डबाईने बहिणीच्या पायांवरची चादर सारखी केली.

"आता एस," ती म्हणाली. कुणाला, ते तिलाही कळलं नाही.

पाचव्या दिवशी ती कामावर गेली. संपादकांनी तिच्या कार्डावरच्या प्रतिशब्दांतला 'अबोला' खोडला होता. त्यांनी आधी तिची चौकशी केली, मग जरा चाचरत कार्ड पुढे केलं. "शांतता, मौन, स्तब्धता ठीक आहे. पण अबोल्याला दोन माणसं लागतात. सायलेन्सला एकही लागत नाही."

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि पुढचं कार्ड ओढलं.

याला दीड वर्ष झालं. रविवारी मेव्हणे खाली जेवायला येतात. पाण्याची टाकी, लिफ्ट, गुडघेदुखी असं काहीबाही बोलतात. भाजीत मीठ कमी असलं तर मागून घेतात. कार्डबाईला रडू अजून आलेलं नाही, आणि त्याची वाट बघणं तिने सोडून दिलंय.