आरव्ही, वांग्याचं भरीत आणि सासूबाईंचं तिकीट

सासूबाईंना अमेरिका आवडावी, हा माझ्या नवऱ्याचा, निखिलचा, प्रोजेक्ट होता. सासरे गेल्यापासून आई नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहायच्या. आता त्या आमच्याकडे, अमेरिकेतल्या कॅरी गावी आल्या होत्या, त्या कायमच्या, असं निखिलने ठरवलं होतं. आईंनी ठरवलं नव्हतं. दिवसभर खिडकीत बसून त्या समोरच्या घरी येणाऱ्या डिलिव्हरीच्या गाड्या बघायच्या. निखिल सॉफ्टवेअर आर्किटेक्ट. आई उदास आहे हे लक्षात आल्यावर तो तिच्याशी बोलत बसला नाही, त्याने सोल्यूशन काढलं. आरव्ही नावाची राहती गाडी भाड्याने घ्यायची आणि लाँग वीकेंडला डोंगरातल्या स्टेट पार्कमध्ये राहायचं.

तुम्हीही जायच्या विचारात असाल तर आधीच सांगते, ऑक्टोबरात, पानं रंगायच्या दिवसांतल्या पार्कातल्या जागा उन्हाळ्याआधीच संपतात. आम्हाला कुणीतरी कॅन्सल केलेली मिळाली. बुक करताना दोन गोष्टी बघा: वीज-पाण्याचं कनेक्शन आहे का, आणि तिथे किती लांबीची गाडी मावते. निखिलने पहिली बघितली.

आरव्ही म्हणजे चाकांवरचा वन बीएचके. निसर्गाच्या कुशीत जायचं म्हणून आम्ही त्यात कुकर, मिक्सर, इंडक्शन, दोन प्रकारचे चिवडे आणि निखिलचा वायफाय बूस्टर भरला. शुक्रवारी निघालो. चार तासांच्या रस्त्याला सहा तास लागले, कारण प्रत्येक चढावर आमच्यामागे गाड्यांची वरात लागायची. गॅसच्या, म्हणजे पेट्रोलच्या, खर्चाबद्दल विचारू नका. पंपावर आम्ही नवरा-बायको एकमेकांकडे बघणं टाळत होतो. आमची चौदा वर्षांची इरा हेडफोन लावून बसली होती. आई मात्र पुढच्या सीटवर, उंचावरून रस्ता बघत खुशीत होत्या.

पार्कात पोचल्यावर गाडी रिव्हर्समध्ये साइटवर लावायची असते. शेजारच्या कॅम्पवाल्यांनी खुर्च्या आमच्याकडे वळवल्या. त्यांच्यासाठी ही संध्याकाळची करमणूक असते. निखिलने रिव्हर्सचे तीन व्हिडिओ बघितले होते. त्यातल्या कुठल्याही व्हिडिओत बायको एका बाजूने, मुलगी दुसऱ्या बाजूने आणि आई आतून सूचना देत नव्हत्या. शेवटी गाडी तिरकी लागली, तिचं नाक रस्त्यावर राहिलं आणि दार एका झुडपात उघडायला लागलं. दोन दिवस आम्ही सगळे खेकड्यासारखे आडवे बाहेर पडत होतो.

शनिवारी दुपारी आईंनी सूत्रं हाती घेतली. लाकडं घरून न्यायची परवानगी नसते, कीड पसरते म्हणून. पार्कातच मोळी मिळते. आईंनी ती पेटवून निखाऱ्यांवर वांगी ठेवली. निखिल ग्रीन कार्डबद्दल काहीतरी समजावत होता. त्या वांगी फिरवत होत्या.

वासामागोमाग मार्लीन आली. ती इथली कॅम्प होस्ट, म्हणजे स्वतःच्या आरव्हीत पार्कातच राहायचं आणि त्या बदल्यात देखरेख करायची. वय आईंच्याच आसपास. आमच्या गाडीचं नाक रस्त्यावर आलंय हे सांगायला ती आली होती, पण आईंनी तिला खुर्ची दिली आणि ताटलीत भरीत वाढलं. तिखटाने तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने पुन्हा मागितलं.

दुभाषी अर्थातच इरा. नवरा गेल्यावर मार्लीनने घर विकून ती आरव्ही घेतली, असं कळलं.

"हिला मुलंबाळं नाहीत का?" आईंनी विचारलं.

"तिचा मुलगाने बेसमेंट रेडी केला होता तिच्यासाठी, ओहायोमध्ये," इराने तिच्या मराठीत सांगितलं. "व्हेरी नाइस बेसमेंट, असं म्हणते ती."

"मग मुलगा चिडला नाही?"

मार्लीन बराच वेळ बोलली. इराने त्याचं एक वाक्य केलं: "चिडला. पण आता तो इथे येतो, तर फोन खाली ठेवून बोलतो."

आईंनी मार्लीनच्या ताटलीत आणखी भरीत वाढलं. निखिल मात्र इंटरेस्टिंग म्हणाला. समोरच्याचं ऐकलं नसलं की तो इंटरेस्टिंग म्हणतो.

सोमवारी निघताना डंप स्टेशन लागतं. जाहिरातीत हा भाग नसतो. गाडीतलं सांडपाणी, त्यात संडासाची टाकीही आली, जाड पाइप लावून स्वतः रिकामं करायचं. हातमोजे न्या. निखिल पाइप धरून उभा होता, तेव्हाच आई खाली उतरून त्याच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "निखिल, माझं परतीचं तिकीट काढ."

ज्याच्या हातात तो पाइप असतो त्याला तरातरा निघून जाता येत नाही आणि फोन आल्याचं सोंगही करता येत नाही. त्याने विचारलं, तिकडे तुझ्याकडे बघणार कोण?

"इकडे कोण बघतं?" आई शांतपणे म्हणाल्या. "सकाळी तुम्ही दोघं दारं लावून मीटिंगला बसता. साधं दूध आणायचं तर मला कुणाची तरी गाडी रिकामी व्हायची वाट बघावी लागते. तू माझी काळजी करतोस, ते दिसतं रे मला. पण तू माझ्याशी बोलत नाहीस."

निखिलचे डोळे भरून आले. दोन्ही मोजे घाण असल्यामुळे त्याला ते पुसताही येईनात. मीच पुढे होऊन टिश्यूने पुसले. खरं सांगायचं तर आई जाणार म्हणून मला आत कुठेतरी हायसं वाटलं होतं, आणि 'तुम्ही दोघं' मधली दुसरी मी होते, हेही चांगलंच टोचलं होतं.

परतीच्या सहा तासांत निखिल आईंशी बोलला. नागपूरच्या शेजाऱ्यांबद्दल, बाबांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल, जे दोघांनी आजवर टाळलं होतं. इराने हेडफोन काढून ठेवले होते. मागे नेहमीची वरात होती, कुणालाही घाई नव्हती.

आई नागपूरला परतून आता दोन महिने झाले. कुणी ट्रिपबद्दल विचारलं की आम्ही डोंगराचे फोटो दाखवतो. पानं खरोखरच सुंदर होती. जरूर जा. फक्त नात्यातला प्रश्न सोडवायला जाणार असाल तर तो कुणाच्या बाजूने सुटेल याची खात्री धरू नका.

परवा निखिलने फोनवर विचारलं, "एकटीला कंटाळा येत नाही का गं?"

"येतो की," आई म्हणाल्या. "पण इथे कंटाळा आला की दार उघडायचं, जिन्यात कुणी ना कुणी असतंच."

फोन ठेवून निखिल उठला, आमच्या घराचं पुढचं दार उघडून उभा राहिला. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन होतं. रस्ताभर सगळ्यांची नीट कापलेली लॉन होती, आणि माणूस एकही नव्हता.