सेल्फ लागेना

घरची वेदपाठशाळा सोडून मी मोटारींच्या कामाला लागलो, हे अप्पांना, म्हणजे वडिलांना, कधीच रुचलं नाही. म्हणून त्या दिवशी "तुझ्या मोटारीने जाऊ," असं ते आपण होऊन म्हणाले तेव्हा मी हरखलो. आत्या गयेहून ग्वाल्हेरला परत चालली होती. तिची गाडी आमच्या छावणी स्टेशनावर अर्धा तास थांबणार होती. बहीणभावाची बारा वर्षांत भेट नव्हती आणि तिचं वय बघता पुन्हा होईल याचा भरवसा नव्हता.

आमच्या मंगला गौरीच्या गल्लीत मोटार शिरत नाही, ती मैदागिनच्या चौकात उभी असे. अप्पा तिथवर चालत आले, मागे बसले. मी सेल्फचं, म्हणजे इंजिन चालू करायचं, बटण दाबलं. टक्. पुन्हा दाबलं, पुन्हा टक्. एरवी लख्ख असणारे दिवे बटण दाबलं की विझायला येत. सेल्फची मोटर अडकली, असं मी ठरवून मोकळा झालो. माझं नेहमी असंच, आधी निकाल आणि मग चौकशी.

खाली शिरून मोटर काढली. आतले कार्बनचे ब्रश ठीक होते. तांब्याचा भाग काळवंडला होता तो घासला, मोटर परत बसवली. टक्.

"इक्का बोलवू का? देर होतेय," कोपऱ्यावरच्या घोडागाड्यांकडे बघत अप्पा म्हणाले.

"दहा मिनिटं, अप्पा."

समोरच्या पानवाल्याने विचारलं, "भइया, धक्का लगवा दें?" मी त्याच्यावर खेकसलो. ज्यांना माझा धंदा दाखवायचा, त्यांच्याच देखत मोटार ढकलवून घ्यायची? मोटर पुन्हा काढली. अप्पांनी पुन्हा इक्क्याचं विचारलं, मी पुन्हा दहा मिनिटं मागितली. संतापाच्या भरात स्क्रू निसटत होते.

मग बॅटरीच्या तारेला चुकून बोट लागलं आणि चटका बसला. तार सोडली तर खाली शेंदराचा वाळका थर. खंडेनवमीला पूजेच्या वेळी अप्पांनी विचारलं होतं, "हिचा जीव कुठे असतो?" मी कौतुकाने तारा सोडून बॅटरी दाखवली आणि त्यांनी तिच्या दोन्ही टोकांना तेलात कालवलेला शेंदूर माखला. पूजेचा शेंदूर पुसायला माझा हात धजेना. त्यावरच तारा आवळल्या. ओला होता तोवर भागलं, वाळल्यावर वीज अडली.

शेंदूर खरवडून काढला. पहिल्याच बटणाला इंजिन लागलं. स्टेशनात शिरलो तर फलाट रिकामा होता.

अप्पा बाकावर बसले. माझा राग अजून उतरला नव्हता. म्हणालो, "मोटर चांगली होती, अप्पा. तुमचा शेंदूर नडला."

"म्हणजे आक्काची भेट मीच घालवली," ते म्हणाले.

मी गप्प बसलो. शेंदरावर तारा मी आवळल्या होत्या, इक्का दोनदा मी नाकारला होता. आत्या त्याच हिवाळ्यात गेली. अप्पा शेवटपर्यंत स्वतःला दोष देत राहिले आणि मी तो देऊ दिला.