मधल्या घंटेचं चामडं

सन एकोणीसशे सत्तावीस. मला तेविसावं लागलं होतं. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण सोलापुरातल्या गिरणीत मी मागांचा मिस्त्री होतो. मागावर इकडून तिकडं धावणारा धोटा एका अंगाला जोरात आणि दुसऱ्या अंगाला मऊ बसायला लागला, की मला भिंतीपलीकडून कळायचं. बढाई म्हणून लिहीत नाही, खरं होतं म्हणून लिहितो.

आमच्या आळीमागं चर्च होतं. त्याच्या मनोऱ्यात तीन घंटा: मोठी, मधली, धाकटी. खाली तिघं उभे राहून दोऱ्या ओढत. दोरी ओढली की एक ठोका, सोडली की दुसरा. तिन्हींचे ठोके एकामागं एक, सारख्या अंतरानं पडायला पाहिजेत. पण मधली ओढताना नीट वाजायची आणि सोडताना उशिरा येऊन धाकटीच्या अंगावर पडायची. लंगडा माणूस जिना उतरतोय असं ऐकू यायचं.

मधली दोरी तीस वर्षं एका म्हाताऱ्या बाबांच्या हातात होती. त्यांच्या नातीचं लग्न सोमवारी सकाळी ठरलेलं. पाळकांनी सांगून टाकलं की मधली अशीच अडखळणार असेल तर लग्नाला एकटी मोठीच वाजवू. शनिवारी बाबा माझ्या दारात आले.

"मिस्त्री, एकटी मोठी घंटा आमच्यात मयताला वाजती. पोरीला बाप न्हाय. तिच्या लग्नाला मयताची घंटा वाजवू व्हय?"

"तुमी निवांत घरी जावा, बाबा. अर्ध्या तासाचं काम हाय."

रविवारी गिरणी बंद. उपासना आटोपल्यावर तिघं दोऱ्यांपाशी थांबले आणि मी वर चढलो. घंटेच्या आत लोखंडी लोळा लोंबतो, तो चामड्याच्या वादीत अडकवलेला होता. वादी एका बाजूनं झिजलेली, म्हणून लोळा एका कडेला जवळ आणि दुसरीपासून लांब. मला हसूच आलं. हा तर आमच्या मागाचाच रोग! मागाला लावायचं चामडं आम्ही आधी तेलात मुरवतो, म्हणजे ते चिरत नाही. तसलंच म्हशीचं जाड चामडं मी सोबत नेलं होतं. वादी कापली, बसवली, ज्वारीच्या ताटाच्या तुकड्यानं दोन्हीकडचं अंतर मोजलं आणि ओरडलो, "ओढा!"

आठ-दहा ठोके सरळ पडले. मी छाती फुगवतोय तोवर मधली परत लंगडायला लागली, आधीपेक्षा जास्त.

"बाबा, हात उशिरा येतोय तुमचा," मी वरूनच म्हणालो. "वय झालं. काम माझं चोख हाय."

मग बाबा हळूच म्हणाले, "असंल बाबा."

मोठ्या दोरीवरच्या गड्यानं मात्र सोडलं नाही. "मिस्त्री, तीस वर्षं चालला त्यो हात आज दुपारीच म्हातारा झाला व्हय?"

"आन् वरनं काय गळतंय रं?" बाबांनी विचारलं.

मी खाली उतरलो. उपासनेला म्हणून बाबा नवा पांढरा फेटा बांधून आले होते. लग्नात नातीला घेऊन चालताना तोच बांधायचा होता. त्याच्यावर पिवळे डाग पडले होते. बोट लावून वास घेतला. माझंच तेल!

मग डोक्यात उजेड पडला. धोटा हलका, लोळा जड. दर ठोक्याला मऊ चामडं पिळून निघत होतं, ताणत होतं, आणि लोळा पुन्हा एका अंगाला सरकत होता. बाबांचा हात घड्याळासारखा चालत होता.

कोरडं, टणक चामडं पाहिजे होतं आणि चांभार गावाला गेलेला. दाराबाहेर माझ्या नव्या कोऱ्या वहाणा होत्या, जाड तळाच्या. एक उचलली आणि तळ कापला.

"अवो, देवाच्या घंटेत वहाण?" धाकट्या दोरीवाला ओरडला.

"बैलाचं कातडं हाय ते," बाबा म्हणाले. "बैलानं काय पाप केलंय? चढ वर, मिस्त्री."

या खेपेला मी 'ओढा' म्हणालो तो दबक्या आवाजात. मोठी, मधली, धाकटी. मोठी, मधली, धाकटी. ओढताना तसंच, सोडताना तसंच. बाबा थांबेनात. शंभर ठोके झाले असतील. समोरच्या तेलुगू विणकरांनी हातमाग थांबवले, बाया दारात आल्या. पाळक धावत आले.

"तिन्ही वाजवा उद्या! पण आता पुरे की, नाहीतर पाहुणे आजच जेवायला येतील."

बाबा खदखदून हसले. घाम पुसत मला म्हणाले, "उद्या मी पोरीचा हात धरून चालणार. माझी दोरी तू ओढ."

चुकलो म्हणायला माझी जीभ कधी वळली नाही, तेव्हाही वळली नाही. मी एवढंच म्हणालो, "फेटा द्या हिकडं."

घरी रिठे भिजवले आणि दिवस मावळायच्या आत फेटा तीनदा धुतला. बायको म्हणाली, द्या मी धुते. दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीत खाडा केला, अनवाणी चर्चला गेलो, बाबांच्या डोक्याला फेटा माझ्या हातानं बांधला, मधली दोरी धरली आणि मोठी वाजताच ओढली.