बारशाची पाटी

सहाव्या दिवशी सटवाई येऊन पोराच्या कपाळावर लिहून जाते असं म्हणतात. आमच्या गावात बाराव्या दिवशी मोठे गुरुजी येऊन त्यात दुरुस्ती करून जात. सटवाईचं अक्षर आजवर कुणाला लागलेलं नाही. गुरुजींचा मजकूर मात्र शाळेची पायरी न चढलेल्या म्हाताऱ्यांनाही पाठ होता, कारण तो घरोघरी एकच असे: अमुक तमुक, इयत्ता पहिली, जून अमुक साल, म्हणजे पोर शाळेत बसायचं ते साल. हे ते लिहीत दगडी पाटीच्या लाकडी चौकटीवर, तेलरंगात, म्हणजे पुसलं जायला नको. गावात कुणाच्याही घरी मूल जन्मलं की बारशाला बायकांच्या घोळक्यात दारालगत एक पुरुष हमखास बसलेला असायचा. मांडीवर पाटी, एका हातात रंगाची डबी, दुसऱ्या हातात घुगऱ्यांचा द्रोण. पाळणा म्हणणाऱ्या बायकांना सुरुवातीला त्यांचा संकोच वाटे. पुढे ते आले नाहीत तर पाळणाच अडू लागला.

गाव फैजपूर आणि रावेरच्या मधलं, चारी बाजूंनी केळीत बुडालेलं. शाळा दोन खोल्यांची, चार वर्गांची आणि दोन मास्तरांची. ते हेडमास्तर म्हणून मोठे गुरुजी आणि मी लहान गुरुजी. मी त्यांच्यापेक्षा वीतभर उंच होतो, पण गावानं एकदा ठरवलं की ठरवलं. ते मूळचे धुळ्याकडचे, साक्रीजवळच्या कुठल्याशा खेड्यातले. वर्गात आणि साहेबांसमोर अगदी पुस्तकातली मराठी बोलत, पण मनाला काही लागलं की अहिराणीवर जात. त्यामुळे त्यांना वाईट वाटलंय की नाही हे विचारावं लागत नसे. पहिला शब्द ऐकला की कळे.

सुरुवातीला ते पाट्या रावेरच्या पेंटरकडून रंगवून आणत. हा पेंटर केळीच्या ट्रकांवर नावं लिहायचा, त्यामुळे पहिलीत जाणाऱ्या पोरांची नावं ट्रकासारखी भरदार दिसत, एकदोन चौकटींवर तर त्याने कोपऱ्यात लिंबू-मिरचीही काढून दिली होती. पण नाव आधी रंगवायचं म्हणजे ते आधी ठाऊक हवं, म्हणून गुरुजी चार दिवस अगोदर बापाला गाठून नाव काढून घेत. आता नाव ठेवायचा मान आत्याचा. एका बारशाला आत्या पाळण्याशी वाकली, तोच तिची नजर दाराजवळच्या पाटीवर गेली. ती तशीच सरळ झाली. "माह्या मानाचं नाव पेंटरले आधी कळते अन् मले मंग? मी नही ठेवत हे नाव," म्हणाली आणि तिथल्या तिथे पोराचं नाव बदलून मोकळी झाली. गुरुजी पाटी घेऊन दुपारच्या एसटीने रावेरला गेले आणि दिवेलागणीला नव्या नावासकट परत आले. तेव्हापासून डबी आणि ब्रश ते स्वतःच बाळगू लागले. आत नाव ठेवलं गेलं की बाहेर लिहीत आणि ओली पाटी पुढे करून सांगत, "वाळेपर्यंत हात लावू नका. शाळेला अजून वेळ आहे."

त्यांचं दुसरं वेड त्या पाट्यांच्या फुटण्याचं. पोरानं पाटी फोडली की आई त्याला बखोट धरून शाळेत आणी आणि गाऱ्हाणं सांगे, की दोन महिन्यांत तुकडे केले मेल्यानं. गुरुजींचा चेहरा असा खुले की बाई गोंधळून जाई. ते पोराला लिमलेटची गोळी देत, फुटके तुकडे कपाटातल्या खोक्यात जपून ठेवत आणि नवी पाटी काढून देत. "फुटलेली पाटी म्हणजे हाताळलेली पाटी," ते मला सांगत. "पाटी फुटायलाच दिलेली असते, गुरुजी. जी फुटली नाही ती वाया गेली." मला हे सगळं वेडेपणाचं वाटे. मी नवा होतो, आणि नव्या मास्तराला दुसऱ्याचं वेड फार लवकर दिसतं.

त्यातून ते दिवसच असे होते की शहाण्याला वेड लागावं. आम्हा मास्तरांना तेव्हा कुटुंबकल्याणाच्या केसेसचं उद्दिष्ट असे. ठरलेली माणसं ऑपरेशनला नेऊन दाखवायची, नाहीतर खुलाशाची नोटीस. म्हणजे तालुक्याहून सकाळी एक कागद येई की गावात पोरं कमी करा, आणि दुपारी दुसरा येई की शाळेचा पट वाढवा. दोन्हींवर सही एकाच साहेबाची. तालुक्यातले आम्ही बाकीचे मास्तर दोन्ही कागद फायलीला लावून स्वस्थ बसायचो. मोठे गुरुजी मात्र दोन्ही खरे मानत. पहिल्या वर्षी एकही माणूस तयार होईना, तेव्हा ते स्वतःच टेबलावर जाऊन झोपले आणि स्वतःचीच केस दाखवून आले. गाव आठवडाभर हसलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एका केळीकामगाराला कसंबसं राजी केलं. आरोग्य केंद्रातून परत येताना एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. उद्दिष्ट पुरं झाल्याचा आनंद तोंडावर दिसेना, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "पहिलीनं एक पोर गयं." पहिलीतलं एक पोर गेलं. मी हसलो. ते हसले नाहीत.

नव्वद साल उलटलं आणि फैजपूरकडून एक निळी मॅटॅडोर गावात यायला लागली. इंग्रजी शाळेची. आधी चार घरांतली पोरं टाय लावून तिच्यात बसली, मग दहा घरांतली. ज्याची केळी बरी गेली त्याचं पोर मॅटॅडोरमध्ये, असा हिशेबच झाला. सकाळी ती आमच्या शाळेवरून जायची तेव्हा गुरुजी फाटकात उभे असायचे. रागावून नव्हे. नुसतं बघत आणि पुटपुटत, "तिसऱ्या खिडकीतला, जून एक्क्याण्णव. त्याच्या मागची, जून ब्याण्णव." पोरं त्यांना हात हलवत, आणि तेही हलवत. मे महिन्यात आम्ही दोघं उन्हातान्हात दारोदार हिंडायचो. लोक आदराने बसवत, पाणी देत. एका घरी म्हातारीने रांजणावरचं झाकण काढून पाणी दिलं, तर ते झाकण म्हणजे बारशाची पाटी. म्हातारी ओशाळून म्हणाली, "गुरुजी, बठ्ठेच तिकडं जाऊ राह्यले. आमचंच पोरगं मांगं राह्यलं तं आमाले लोक काय म्हणतीन?" गुरुजी पाणी प्यायले, पाटी सदऱ्याला पुसली आणि नावाची बाजू वर येईल अशी पुन्हा रांजणावर ठेवली.

आता माझं सांगतो. हे सांगायचं टाळत टाळतच इथवर आलो आहे. माझी मुलगी त्याच गावात झाली. तिच्याही बारशाला गुरुजी दाराजवळ बसले होते आणि आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात त्यांनी लिहिलं, कु. अश्विनी, इयत्ता पहिली, जून ९३. त्या दिवशी घुगऱ्या त्यांनी दोनदा मागून घेतल्या. मास्तराच्या घरचं नाव, म्हणजे पक्कं. पुढे आम्ही भुसावळला राहायला गेलो, मी एसटीने जाऊन-येऊन नोकरी करू लागलो, आणि वेळ आली तेव्हा बायको म्हणाली, "आपलीच पोरगी कायले मागे ठेवायची?" मीही त्या म्हातारीसारखाच विचार केला. फरक एवढाच की म्हातारीला लिहितावाचता येत नव्हतं. गुरुजींना सांगायला गेलो तेव्हा मी बरीच कारणं जमवून नेली होती. त्यांनी एकही ऐकलं नाही. फक्त विचारलं, "त्या शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय आहे ना?" मी हो म्हणालो. "मग बरं," ते म्हणाले, आणि हजेरीपत्रक उघडलं.

त्या वर्षी सप्टेंबरअखेरचा पट मोजायला विस्तार अधिकारी आले. माणूस चांगला होता. दोनदा मोजून झाल्यावर म्हणाले, दुसरा शिक्षक टिकवायला एक मूल कमी पडतंय. दुसरा शिक्षक गेला की चारही वर्ग एका माणसाच्या गळ्यात. मग त्यांनीच माझ्याकडे बघून वाट काढली. "तुमची मुलगी पाच वर्षांची झाली ना? तिचं नाव इथं घ्या. कागदावरच तर आहे, कोण बघतो?" मी "चालेल" म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की त्या घाईची मला आजही लाज वाटते. पाप एका शब्दात फिटत असेल तर कुणाला नको असतं? मोठ्या गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं.

"ती तठे बठस, साहेब. अठे कशी बठी?"

"अहो, नुसतं नाव लिहायचंय."

"नाव ते मी बारसामाच लिखेल शे," गुरुजी म्हणाले. "आते पोर जोयजे."

नाव तर बारशालाच लिहून झालंय, आता पोर पाहिजे. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

दुसरी जागा गेली. मी कनिष्ठ, त्यामुळे मी अतिरिक्त ठरलो आणि माझी बदली भुसावळच्या अगदी जवळच्या शाळेत झाली. लोकांना वाटलं मी वशिला लावला. घरी सगळे खूश होते. निघायच्या दिवशी गुरुजी फाटकापर्यंत आले. मागे एकाच खोलीत कोंबलेले चारही वर्ग ओरडत होते. ते म्हणाले, "पाटी शे ना घरमा?" मी म्हटलं, आहे. "फुटनी का?" मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली आणि पोरं आवरायला आत गेले.

पुढे ते निवृत्त होऊन साक्रीकडे गेले आणि दोनेक वर्षांत वारल्याचं कळलं. कळवणाऱ्याने हेही सांगितलं की त्यांच्या कपाटातलं फुटक्या पाट्यांचं खोकं ते गाव सोडताना बरोबर घेऊन गेले होते. माझी मुलगी छान शिकली. तिच्या शाळेबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही. तिची पाटी आमच्या माळ्यावर आहे. दर दिवाळीला साफसफाईत ती खाली येते, तेव्हा दिसतं की दगडावर एक चरा नाही आणि चौकटीवरचा रंगही तसाच आहे. एका वर्षी ती हातात घेऊन उभा होतो आणि वाटलं, सोडून द्यावी, फुटू दे एकदाची. पण गुरुजींनी ती फुटलेली धरली नसती. फडक्याने पुसली आणि परत वर ठेवली.