रविवारची श्रेढी

माझ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी दहावीला होते आणि मला तिचा होणारा नवरा आवडला नव्हता. त्याच्यात काही खोट होती असं नाही. उंच होता, बोलायला मऊ होता, डिप्लोमा करून इंदापूरकडच्या एका कारखान्यात नोकरीला लागला होता. पान-तंबाखूची सवय नव्हती. घरातल्या सगळ्यांना तो एका बैठकीत पसंत पडला, आणि मला खुपलं ते हेच. निदान एकानं तरी नाक मुरडायला हवं होतं. कुणी मुरडेना, तेव्हा ते काम मी माझ्या अंगावर घेतलं.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बारामतीच्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती, गणित घेऊन. पाचवीपासून माझं गणित तिनंच घेतलं. शाळेत सर शिकवायचे ते मी नुसतं ऐकून घ्यायचे. खरं शिकणं संध्याकाळी घरी, आतल्या खोलीतल्या सतरंजीवर. ती मांडी घालून बसायची, मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून. चुकलं की डोक्यात टपली, बरोबर आलं की काहीच नाही, नुसतं पुढचं उदाहरण. वर्गातल्या मुली क्लासला जायच्या, त्यांच्या क्लासचे सर म्हणे फार छान शिकवायचे. मी त्यांना सांगायचे, माझी आक्का शिकवते. ‘माझी’ या शब्दावर मी जरा जास्तच जोर द्यायचे, असं आता वाटतं. पण तो जोर खोटा नव्हता. त्या घरात माझी म्हणावी अशी दुसरी वस्तू नव्हती. दप्तरसुद्धा तिचं जुनं होतं.

साखरपुडा डिसेंबरात झाला. लग्न आबांनी एप्रिलअखेरीस धरलं, म्हणजे माझी परीक्षा संपल्यावर. आबा म्हणजे आमचे वडील. कळंबला दुसऱ्याच्या शेतावर राबत शिकले आणि बारामतीला सरकारी कचेरीत कारकून झाले. त्यांच्या आधी आमच्या घरात कुणी शाळेत गेलं नव्हतं. त्यामुळे अभ्यासाला आमच्याकडे कुणी आडवं येत नसे. पाहुणे आले असले आणि आमची परीक्षा असली, तर आबा पाहुण्यांना अंगणात बसवायचे. दुसरी गोष्ट त्यांची तितकीच पक्की होती: साखरपुडा झाला तरी लग्नापर्यंत मुलानं मुलीला भेटायचं नाही, बोलायचं नाही. आईनं एकदा सुचवून पाहिलं की आता काळ बदललाय. आबांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं, आणि आई भाकरी थापायला गेली.

मला हा नियम मनापासून पटला होता. एप्रिलपर्यंत तरी आक्का माझी.

जानेवारीत तो त्याच्या चुलत्यांबरोबर लग्नपत्रिकेचा मजकूर दाखवायला आला. मोठी माणसं मजकुरावर वाद घालत होती, पत्रिकेच्या माथ्यावर वंदनेच्या ओळी किती घ्यायच्या यावरून. मी कोपऱ्यात बीजगणिताचं पुस्तक घेऊन बसले होते. त्यानं सहज विचारलं, कुठला धडा चाललाय. मी तुटक सांगितलं, श्रेढी. आणि तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आक्का बोलली. त्याच्याशी नाही, आईशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“तिला तो धडा कळतच न्हाय. आणि माझ्याकडनं शिकत न्हाय ती आता.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. दोन दिवसांपूर्वीच आम्ही दोघींनी तो धडा काढला होता. पहिलं पद, पुढच्या प्रत्येक पदात मिळवत जायचा तो सामान्य फरक, इथपर्यंत तिनंच मला आणून सोडलं होतं. मी तोंड उघडणार तोच त्याचे चुलते म्हणाले, आमच्या पोराचं गणित चांगलं आहे, रविवारी सुट्टी असते, येत जाईल की तास-दोन तास. आबा अडकले. भेटायचं नाही हा नियम खरा, पण पोरीच्या दहावीच्या अभ्यासाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी छताकडे पाहिलं आणि मान डोलावली. आक्का दारातून आत सरकली. तिचा चेहरा मला दिसला नाही. दिसला असता तर मी तिथंच भांडले असते.

मग दर रविवारी सकाळच्या एसटीनं तो इंदापूरहून यायला लागला. स्टँडवरून चालत येताना पेरू नाहीतर बोरं घेऊन यायचा, सगळ्यांसाठी. बाहेरच्या खोलीत सतरंजी पडायची. सतरंजीवर मी आणि तो, समोर खुर्चीत आबा वर्तमानपत्र घेऊन. आक्का आतल्या दारापाशी तांदूळ निवडत बसायची. आमच्या घरात तांदूळ इतके खडेदार कधीच नव्हते. निवडलेलं ताट ती पुन्हा निवडायला घ्यायची.

आईनं मला त्याला दाजी म्हणायला सांगितलं होतं. मी म्हणाले, लग्न झाल्याशिवाय दाजी कसले? मी त्याला काहीच म्हणायचे नाही. गरज पडली तर खोकायचे.

तो वाईट शिकवायचा नाही, हे सांगायला मला आजही जड जातं. सावकाश सांगायचा, टपली मारायचा नाही. पण त्याचं बोलणं माझ्या वहीकडे तोंड करून निघायचं आणि दाराकडे जायचं. मी दोघांच्या मध्ये बसलेली असायचे, आणि दोघांनाही मी दिसत नसे. आक्का तर आठवडाभर माझ्या गणिताकडे फिरकेनाशी झाली. काही विचारलं तर म्हणायची, रविवारी विचार की. पाच वर्षं मी जिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले, तिनं मला रविवारवर टाकून दिलं. कढीपत्ता टाकतात ना फोडणीला, वासापुरता, तशी मी त्या घरात उरले होते.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी त्यानं पुस्तक मिटलं आणि म्हणाला, आज मी मनाचं उदाहरण घालतो. मग दाराकडे न बघता, पण अगदी स्पष्ट आवाजात, त्यानं सांगितलं: एक माणूस पहिल्या आठवड्यात पाच पत्रं लिहितो. पुढं दर आठवड्याला आधीपेक्षा तीन जास्त लिहितो. तर विसाव्या आठवड्यात किती लिहील?

तांदळातला हात थांबला. साखरपुड्यापासून मोजलं तर लग्न विसाव्या आठवड्यात येत होतं, हे मला त्या वेळी कळलं नाही. जिला कळायचं तिला कळलं.

आबांनी वर्तमानपत्राआडून विचारलं, एवढी पत्रं कुणाला लिहितो हा माणूस? तो म्हणाला, नातेवाईक लई हायेत त्याचे. आबा पुन्हा वाचायला लागले.

तेवढ्यात आक्का चहा घेऊन आली. खरं म्हणजे चहा आई आणायची, पण त्या दिवशी आई कुठंशी गेली होती. तिच्या बांगड्या वाजल्या आणि याचं सगळं लक्ष उडालं. तसंच भराभर त्यानं माझ्या वहीत लिहून टाकलं: पहिले पाच, त्यात वीस वेळा तीन मिळवायचे, झाले पासष्ट. आक्का कप ठेवायला वाकली, तिची नजर वहीवरून गेली. मी पाहिलं, ती एक क्षण तिथं थबकली. मग ती हसली, मान खाली घालूनच, आणि आत गेली. मला वाटलं ती पत्रांना हसली. मी पासष्टखाली रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी शाळेत सरांनी तसलंच उदाहरण घातलं आणि मला फळ्यावर बोलावलं. मी झोकात गेले. शिकवल्याप्रमाणे सोडवलं. सर म्हणाले, पहिल्या पदात कुठं फरक मिळवायचा असतो? तो दुसऱ्या पदापासून सुरू होतो, म्हणून विसाव्या पदापर्यंत एकोणीस वेळाच मिळवायचा. आणि क्लासला जाणाऱ्या एका मुलीला त्यांनी ते पुसून नीट करायला लावलं. ती जागेवर परतताना मला हळूच म्हणाली, तुझी आक्का शिकवत नाही का गं आता? माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. शाळा सुटल्यावर मी तडक घरी आले.

आक्का गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. मी वही तिच्यासमोर धरली आणि विचारलं, हे चुकीचं आहे हे तुला तेव्हाच दिसलं होतं ना? ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग म्हणाली, दिसलं होतं.

“मग बोलली का न्हाईस?”

“आबांसमोर त्याला चुकलास म्हणायचं? मग पुढच्या रविवारी आला असता का तो?”

“आणि माझं काय? मी फळ्यावर तोंडावर पडले त्याचं काय?”

तिनं घडी माझ्या हातात दिली. “तू रुसलीस तर मी काढीन की समजूत. तू कुठं जाणार हायेस मला सोडून?” आणि मग, जरा लाजत, स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “शिवाय तीन पत्रं जास्तीचीच सांगितली त्यानं. मी कशाला कमी करून घेऊ?”

मी ती घडी विस्कटून टाकली आणि खाली आले. इतका राग मला आयुष्यात फार कमी वेळा आला असेल. ती चुकली असती तर मी सोडून दिलं असतं. पण ती चुकली नव्हती. तिनं नीट बघून, समजून, माझं उदाहरण चुकू दिलं होतं. माझं आणि त्याचं वजन केलं होतं आणि त्याचं पारडं खाली गेलं होतं. समजूत काढायला तिच्याकडे सोमवार ते शनिवार मोकळे होते, पण आठवड्यात तिनं ती काढली नाही. विसरली असणार.

रविवारी तो आला तेव्हा माझं ठरलं होतं. सतरंजी पडली, पेरू आत गेले, आबांनी वर्तमानपत्र उघडलं. त्यानं विचारलं, मागचं आलं का शाळेत? मी मोठ्यानं, आबांकडे बघत सांगितलं की नाही आलं. सरांनी सांगितलं चूक आहे. वीस वेळा नाही, एकोणीस वेळा मिळवायचं असतं. बासष्ट येतात, पासष्ट नाही.

वर्तमानपत्र खाली आलं. दारापाशी ताटातला आवाज बंद झाला. आता याच्या रविवारांवर पाणी पडणार, आबा म्हणणार, राहू द्या पाहुणं, तुमच्यापेक्षा आमची पोरगी शिकवील.

त्यानं वही ओढून घेतली, एकदा वाचली आणि कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, “चुकलं आबा. माझंच चुकलं.” सारवासारव केली नाही, घाईत झालं वगैरे म्हणाला नाही. आबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा कडक होईल म्हणून मी वाट बघत होते, आणि तो सैल होत चालला होता. मग त्यांनी मान वळवली आणि दाराकडे बघून विचारलं, “तुझ्या ध्यानात आलं न्हवतं हे? चहा तूच आणला होतास.”

आक्का उठून उभी राहिली. पदराला तांदळाचा कोंडा लागला होता. ती म्हणाली, “आलं होतं.”

“मग गप का बसलीस?”

ती पदराचा कोंडा झटकायला लागली. आबा माझे वडील होते, कारकून होते, पण खुळे नव्हते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, वर्तमानपत्राची नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली. मला वाटतं, पत्रं लिहिणाऱ्या माणसाचे नातेवाईक कोण, हे त्यांना तेव्हाच उमजलं असावं. मग ते म्हणाले, “हितं ये. बस. पोरीच्या दहावीचा सवाल हाय. आता तूच शिकव, दोघांनाबी.”

असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं. आक्का आली आणि सतरंजीवर बसली, माझ्या या बाजूला ती, त्या बाजूला तो, मध्ये माझी वही. आबांनी चष्मा काढून पुसला आणि वर्तमानपत्र पुन्हा तोंडासमोर धरलं, आधीपेक्षा जरा उंच. तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि पहिल्या पदापासून सांगायला सुरुवात केली. आवाज तोच, पाचवीपासूनचा. पण ती माझ्याकडे बघून सांगत नव्हती. त्यानं काहीतरी विचारलं, मुद्दाम खुळ्यासारखं, आणि तिनं त्याला टपली मारायला हात उचलला, मग आबांची आठवण होऊन मध्येच थांबवला. दोघंही वहीत डोकं खुपसून हसायला लागली.

ती टपली माझी होती. जगात ती फक्त मलाच बसत होती.

मी म्हणाले, मला पाणी प्यायचंय. कुणी हं म्हटलं नाही. मी उठले, आतल्या दारापाशी गेले, तांदळाचं ताट ओलांडलं आणि मागे वळून पाहिलं. त्यांना वही नीट दिसत नव्हती. माझी जागा मोकळी झाली तशी दोघं जवळ सरकून बसली.